परका माणूस

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास, अमेरिकेत, चँडलरमधल्या मुलीच्या घराच्या दारात माझा सहा महिन्यांचा नातू मला पाहून रडू लागला. मी हात पुढे केले होते. त्याने तोंड फिरवून विहीणबाईंच्या खांद्यात खुपसलं.

आमच्या पाळ्या आधीच ठरल्या होत्या. व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येतं, म्हणून पहिले सहा महिने जावयाची आई आणि पुढचे सहा मुलीची. खरं तर बाळंतपणाला मीच जाणार होते. माझी व्हिसाची मुलाखत लांबली आणि त्या गेल्या.

दोघी एकत्र होतो तेवढी एकच संध्याकाळ. त्यांनी मला डायपर कुठे, बाटल्या कशा उकळायच्या ते दाखवलं. शेवटी पाळण्यातली गोधडी दाखवली. स्वतःच्या जुन्या साड्यांची, हाताने शिवलेली.

"ताई, एवढी मात्र धुऊ नका हं. मी महिनाभर अंगावर घेऊन झोपलेय. वास लागतो त्याला."

"बरं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. नातू दिवसभर दाराकडे बघत होता. पुढचे तीन महिने मुलगी किंवा जावई घरात असेपर्यंत तो माझ्याकडे आला नाही. ते कामावर गेले की नाइलाजाने यायचा. रोज सकाळी जावई आईला व्हिडिओ कॉल लावायचा. पलीकडून "कुठंय माझा लबाड?" ऐकू आलं की हा दोन्ही पाय झाडून हसायचा. फोन मीच धरून बसायचे. पडद्याच्या कोपऱ्यात माझी अर्धी हनुवटी दिसायची.

जुलैमध्ये नवव्या महिन्याच्या तपासणीला गेलो. दवाखान्याच्या भिंतीवर मुलांच्या वाढीचा तक्ता होता: दोन महिन्यांत काय, चार महिन्यांत काय, असा पाच वर्षांपर्यंत. मी बासष्ट वर्षांची होते. मुलगी फॉर्म भरत होती. 'अनोळखी माणसांना बुजतो का?' या प्रश्नापुढे तिने 'हो'वर खूण केली.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात असंच हवं. कोणाला बुजतो?"

"माय मदर," मुलगी म्हणाली.

डायपरची पिशवी माझ्या मांडीवर होती.

गाडीत ती म्हणाली, "आई, तू पर्सनली घेऊ नकोस ना. नॉर्मल स्टेज आहे ती. सगळ्यांना बुजतो."

"सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?"

ती गाडी चालवत राहिली.

त्या दुपारी मी गोधडी मशीनमध्ये टाकली. गरम पाणी, जास्तीचा साबण. सुकल्यावर हुंगून पाहिली आणि पुन्हा टाकली.

पुढचे दोन दिवस तो दुपारी झोपला नाही. तिसऱ्या दिवशी जावयाने आईला फोन लावला. त्यांनी विचारलं, "गोधडी आहे ना जवळ?"

"आहे," मी म्हणाले. ते खरं होतं.

त्या फोनवरून काहीबाही गुणगुणत राहिल्या. चौदा मिनिटांनी तो झोपला.

ऑगस्टमध्ये तो हाताने जेवू लागला. एका दुपारी वरणभाताने बरबटलेल्या मुठीत त्याने माझ्या साडीचा पदर धरला आणि त्याला धरून उभा राहिला. घरात नेसायची, फिकट निळी, सुती साडी. हळदीचा पिवळा डाग पडला. मुलगी म्हणाली, "दे, लगेच पाण्यात सोक करते."

"राहू दे," मी म्हणाले.

त्यानंतर तो माझ्याकडे येऊ लागला. आधी दुपारचा, मग मुलगी घरात असतानाही. झोपताना तोच पदर मुठीत लागायचा.

ऑक्टोबरमध्ये, माझ्या परतीच्या आदल्या दिवशी, विहीणबाई आल्या. त्यांनी हात पुढे केले. एक वर्षाचा नातू रडला आणि माझ्या मानेत शिरला. मला बरं वाटलं. मी त्याला लगेच त्यांच्याकडे दिलं नाही.

"अगं बाई, विसरला की मला!" त्या हसल्या आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.

संध्याकाळी त्यांनी पाळण्यातली गोधडी उचलून नाकाशी नेली.

"धुतलीत?"

"हो. दोनदा."

"शी-शू केली होती का त्याने?"

"नाही."

त्यांनी गोधडीची घडी केली, कडा जुळवल्या आणि परत ठेवली. "चहा टाकते," म्हणाल्या. "तुम्हाला बिनसाखरेचा ना?"

दुसऱ्या दिवशी विमानतळाकडे निघण्याआधी मी बॅग उघडली, निळी साडी काढली आणि पाळण्यात ठेवली. कोणाला काही सांगितलं नाही.

पुण्यात पोहोचल्यावर नवव्या दिवशी जावयाने फोटो पाठवला. नातू झोपला होता. अंगाखाली गोधडी होती, मुठीत निळा पदर. मी फोटो मोठा करून पाहिला. पदरावरचा डाग तसाच होता.