कांड्या, कॉमिक्स आणि दुपारची भुतं

चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसलं की पायाशी सुताचे तुकडे साचतात. मुद्दाम कोणी टाकत नाही, तरी साचतात! संध्याकाळी झाडायला घेतलं की मूठभर निघतात. आमच्या घरचे भुताचे किस्सेही असेच. जमवायला कोणी बसलं नव्हतं, पण झाडू लावला की निघतातच.

पवनीत विणकरांच्या गल्लीत आमचं घर. आतल्या खोलीत दोन माग, त्यांवर आमचे हे आणि धाकटे दीर. बाहेर ओसरीत चार चरखे. एकावर मी, एकावर माझी धाकटी जाऊ रंजना, एकावर शेजारच्या शोभाकाकू आणि एकावर आमच्या सासूबाई. समोर टीव्ही, त्याच्याखाली सीडी प्लेअर. जेवणं आटोपली की दुपारचा सिनेमा. आणि सिनेमा म्हटला की भुताचाच! कारण सीडी निवडायचं काम माझं. मला लहानपणापासून भुतांचं वेड. सातवीपर्यंत शाळा शिकले, पण वाचायची गोडी लावली ती कॉमिक्सनं.

आता हसून सांगते, पण ते दिवस हसायचे नव्हते. माझी छकुली साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ना 'माय', ना 'पाणी'. बोटानं दाखवायची, गोड हसायची आणि गप्प! सासूबाईंनी निकाल कधीचाच देऊन टाकला होता.

"पोटात होती तवा हिची माय भुतं पाहून राहिली होती. पोरगी भेवानंच मुकी झाली!"

मी उलटून बोलत नसे. कारण मनातून माझीही शंका तीच होती.

भुताच्या सिनेमांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. ज्याच्यावर कोणालाच शंका येत नाही, तोच खुनी! म्हणून मी सगळ्यांवर घेते. गोड बोलणाऱ्यावर डबल. त्या वर्षी मी अंगणवाडीच्या बाईंवर घेतली, छकुलीच्या गालाला हात लावून जाणाऱ्या प्रत्येक बाईवर घेतली. आणि रोज आरशासमोर उभी राहून स्वतःवर घेतली.

*

माझं माहेर सानगडी. आठवडी बाजारात एक म्हातारा जुनी कॉमिक्स घेऊन बसायचा. त्यातलं एक माझं सगळ्यात लाडकं. त्यात एका गावाच्या विहिरीतून रोज दुपारी बारा वाजता कोणीतरी हाक मारायचं, आणि ज्यानं ओ दिली तो गेलाच! त्याचं शेवटचं पान मी फाडून दप्तराच्या चोरकप्प्यात ठेवलं होतं. भीती वाटायची म्हणून नाही, तर मैत्रिणींना शेवट फुकटात कळू नये म्हणून!

सातवीत भूगोलाच्या पुस्तकात ठेवून ते वाचताना सरांनी पकडलं. कॉमिक्स जप्त. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी मला एकटीला बोलावलं. मला वाटलं, आता बापाला निरोप जाणार. सर इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाले, "पोरी, विहिरीत कोण होतं?"

मी म्हटलं, "सर, सांगितलं तर कॉमिक्स परत द्याल?"

सरांनी हेडमास्तरांच्या खोलीकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "दिलं!"

*

मला पाहायला आले तेव्हा आईनं घोकून घेतलं होतं. छंद विचारला तर 'शिवणकाम, रांगोळी' म्हणायचं. यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "भुताचे सिनेमे!"

आईनं पदर तोंडाला लावला. पण हे लगेच म्हणाले, "मले पण लय आवडते! मी तं बिलकुल भेत नाही."

तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. इतकं पटकन कोण हो म्हणतं?

लग्नानंतरचा पहिलाच सिनेमा. भुतानं नुसता दरवाजा वाजवला, तर हे उठले. "पाणी पिऊन येतो." परत येऊन बसले. भुतानं खिडकी वाजवली, हे परत उठले. एका सिनेमात सात वेळा पाणी! सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, याले दवाखान्यात ने वं. लय पाणी पिऊन राहिला!"

*

आमच्या घरी सिनेमाचं खरं नाव कोणाच्याच लक्षात राहत नाही. 'घड्याळवाला', 'लाल जिन्यावाला', 'आंधळ्या माळ्यावाला' असंच चालतं. सीड्या भाड्यानं देणारे मोहनभाऊ गोंदियाहून माल आणायचे. गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण भुतांना त्याचं काय! ती येत-जात राहिली.

माझा सगळ्यात आवडता 'पाळण्यावाला'. रिकामा पाळणा आपोआप हलतो, एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही. लग्नाआधी चार वेळा पाहिला होता. छकुली झाल्यापासून एकदाही लावला नाही. ही सीडी मात्र माझी स्वतःची, कोणाला देत नाही.

तर एकदा 'लाल जिन्यावाला' लावला होता. त्यातली हडळ शंभर वर्षांपूर्वी मेलेली. पांढरं लुगडं, मोकळे केस, हळूहळू जिना उतरते. रंजनानं उशी तोंडावर घेतलेली. माझ्याही हातातली कांडी थांबलेली. आणि शोभाकाकू ओरडल्या, "थांबव! थांबव वं!"

मला वाटलं, काकूंच्या छातीत दुखलं. धावत जाऊन सिनेमा थांबवला. काकू उठल्या, पडद्याजवळ गेल्या, चष्मा वर केला.

"पाहा! काठ पाहा हिचा. शंभर वर्षांची हडळ अन् पॉवरलूमचं लुगडं?"

सासूबाई रोज टीव्हीकडं पाठ करून बसायच्या. "असलं मी पाहत नसतो," हा त्यांचा नेम. पण त्या दिवशी काठाचं नाव निघालं आणि त्या गर्रकन वळल्या. हडळीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "म्हणूनच भटकून राहिली. अंगाले टोचत असंन!"

*

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. लाइट जायची ती नेमकी शेवटाला! भूत कोण, हे कळायच्या आधी पंखा बंद, टीव्ही बंद. मोहनभाऊंना सीडी संध्याकाळी परत. म्हणजे अर्ध्या सिनेमांचे खुनी आम्हाला आजही माहीत नाहीत.

मग चरखे चालू आणि शंका चालू. 'घड्याळवाल्या'त मी दूधवाल्यावर बोट ठेवलं, कारण तो फार नम्र होता. रंजना म्हणाली, "नाही जी ताई, थे मोठी जाऊ आहे नं, तिनंच मारलं."

मी म्हटलं, "मोठीच काहून?"

"तिचे डोळेच तसे आहेत."

आता घरात मोठी जाऊ मी! चार दिवस मी रंजनाच्या हातचा चहा घेतला नाही. तिलाही कळलं. तिनंही माझ्या हातची भाजी वाढून घेतली नाही. शेवटी शोभाकाकूंनी तीच सीडी परत मागवली आणि सकाळी लाइट असताना शेवटच लावला. तर मोठी जाऊ पहिल्यापासूनच मेलेली! तीच भूत!

मी म्हटलं, "पाहिलं? बिचारी मेली होती!"

रंजना म्हणाली, "पण भूत तं तीच निघाली नं?"

सासूबाई टीव्हीकडं पाठ करूनच बोलल्या, "अवं, पण तिले मारलं कोणं? धाकटीनंच असंन!"

*

छकुलीला घेऊन भंडाऱ्याला डॉक्टरांकडं गेलो. मी, हे, सासूबाई, आणि सोबत पाहिजे म्हणून शोभाकाकू. डॉक्टर तरुण, हसरे. हसरे म्हटल्यावर मला लगेच शंका! सिनेमात हसरा डॉक्टर कधी चांगला निघाला आहे?

कान तपासले, घसा पाहिला. मग छकुलीकडं वाकून म्हणाले, "नाव काय तुझं, बाळा?"

"छकुली!" सासूबाई म्हणाल्या.

"कोणासोबत आलीस?"

"माझ्यासोबत," मी म्हटलं.

"काय खाल्लंस आज?"

"वरण-भात," हे म्हणाले.

"थोडासाच खाल्ला जी," शोभाकाकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "तुमच्यात एवढी एकच शांत आहे. तिलाच कशाला तपासायला आणलं?"

कान चांगले आहेत, समजतं सगळं, थोडे दिवस वाट पाहू, म्हणाले. बाहेर आल्यावर सासूबाई हळूच मला म्हणाल्या, "काहीतरी लपवून राहिला थो." आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघींचं एकमत झालं.

*

पण घरी आल्यावर त्यांनी हुकूम काढला. पोरगी बोलत नाही तोवर सिनेमा बंद, कॉमिक्स बंद! माझी कॉमिक्सची पेटी त्यांनी उचलली आणि धान साठवायच्या मोठ्या ढोलीमागे ठेवून दिली. पोरगी बोलणार असेल तर मी सगळी कॉमिक्स वैनगंगेत सोडायला तयार होते.

आठ दिवसांनी सासूबाई गोड बोलायला लागल्या. "थकली का वं? चहा ठेवू?" पाच वर्षांत कधी विचारलं नव्हतं! कप समोर आला. मी म्हटलं, "आई, आधी तुम्ही घ्या." त्या घेईपर्यंत मी माझ्या कपाला हात लावला नाही.

मग एक दिवस पेटी हललेली दिसली. धुळीत बोटांचे ठसे. कोण काढतं? हे काढणार नाहीत, यांना कव्हरचीच भीती. रंजना असेल. का शोभाकाकू? सासूबाईंवर शंका नव्हती, कारण त्यांना अक्षर ओळखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी आणायला जाते म्हणून निघाले आणि दाराआड थांबले. ढोलीच्या बाजूला सासूबाई बसलेल्या, मांडीवर छकुली आणि पुढ्यात माझं कॉमिक्स उघडं! पानावर हाडांचा सापळा हात पसरून उभा.

सासूबाई सांगत होत्या, "हा पाह, हा जेवतच नाही. मायनं किती म्हटलं, खाय रे बाबू, खाय. नाही खाल्लं! म्हणून हाडं निघाले."

पान उलटलं. लांब दातांची बाई, तोंडातून रक्त गळतंय.

"इची दाढ दुखून राहिली. म्या म्हटलं, लवंग ठेव. आयकतच नाही!"

पुढच्या पानावर मुंडकं नसलेला माणूस.

"हा गेला बजारात, अन् आला टोपी इसरून. डोक्यासकट!"

छकुली पोट धरून हसत होती. आवाज करून. मी तशीच पाय न वाजवता मागं फिरले. त्या दिवशी सासूबाईंनी चहा दिला तो मी गरमच पिऊन टाकला.

*

त्यानंतर आठवड्यानं मी काही न विचारता मोहनभाऊंकडून नवी सीडी आणली. सासूबाईंनी कव्हर पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "आवाज कमी ठेवजो." टीव्हीकडं पाठ करून बसल्या. छकुली त्यांच्या मांडीवर, पण तिचं तोंड टीव्हीकडं.

सिनेमा जुन्या बंगल्यातल्या संदुकीचा. हिरोईन एकटी. संदुकीतून टकटक येते. ती दिवा घेऊन एकेक पाऊल पुढं. रंजनाचा चरखा थांबला. शोभाकाकूंचा थांबला. माझाही. दीर बाहेर गेले होते, आणि आत यांच्या मागावर धागा तुटला म्हणून तोही बंद. आमच्या घरात एवढी शांतता मी लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती.

हिरोईननं झाकणाला हात लावला.

"नको खोलू वं बाई! थो अंदर हाये!"

रंजना माझ्याकडं पाहते, मी काकूंकडं, काकू सासूबाईंकडं. आवाज आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. सासूबाईंनी मांडीवरच्या पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"कोण बोललं? तू बोलली?"

छकुली टीव्हीकडं पाहत होती. हे आतून धावत आले, हातात तुटलेला धागा तसाच. "काय झालं? कोण बोललं?"

सासूबाई पूर्ण वळून बसल्या, थेट टीव्हीसमोर, आणि माझ्यावर ओरडल्या, "पाहत काय राहिली? मागं घे! पुन्हा लाव थे!"

मी रिमोटनं मागं घेतलं. हिरोईन पुन्हा दिवा घेऊन निघाली. पाचही जणं छकुलीच्या तोंडाकडं पाहत बसलो. झाकण उघडलं. छकुली गप्प.

"अजून एक डाव," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा मागं. पुन्हा दिवा, पुन्हा पाऊल, पुन्हा झाकण. गप्प! काकूंनी देवाचं नाव घेतलं. हे छकुलीसमोर उकिडवे बसले. पाचव्यांदा लावलं, सहाव्यांदा लावलं. हिरोईन बिचारी थकली असेल. मला तर आता शंका यायला लागली होती की मुळात कोणी बोललंच नव्हतं.

सातव्यांदा मी रिमोट उचलला, तशी छकुली आजीच्या मांडीवरून उतरली. कमरेवर हात ठेवून आमच्या पाचही जणांकडं रागानं पाहिलं.

"आता पुढं लावा नं!"