एकवीस-पाच
थिनरचा वास आला की मला बाबांच्या कारखान्यातली युनियनची निवडणूक आठवते. गोविंदपुऱ्यात ते पेंट शॉपमध्ये होते आणि शेडला एक्झॉस्ट पंखे बसवा, एवढ्याच मागणीवर अध्यक्षपदाला उभे होते. कारखान्यातली तीन शॉप, म्हणजे विभाग, एकेक प्रतिनिधी निवडत, मग ते तिघे अध्यक्ष ठरवत. पेंट शॉपमध्ये बाबांच्या माणसाला जवळजवळ सगळी मतं पडली. उरलेल्या दोन्ही शॉपमध्ये त्यांची माणसं थोडक्यात हरली, कारण बाबा तिकडे प्रचाराला फिरकलेच नव्हते. "टोटल तर आपलीच जास्त निघाली ना!" शेजारचे काका सोनागिरीतल्या आमच्या दारात उभे राहून म्हणाले. मी तेव्हा कॉलेजकडून बॅडमिंटन खेळायचे, म्हणून शहाणपणाने बोलून गेले, "पहिला गेम एकवीस-पाच जिंकला आणि पुढचे दोन थोडक्यात घालवले, तर पॉइंट जास्त असूनही मॅच जाते, बाबा. नियमच आहे तो." बाबा खोकत बूट काढत होते. "मॅच हरलीस की तू घरी येतेस," ते म्हणाले, "मला उद्या त्याच शेडमध्ये जायचंय." ते निवृत्त झाले तरी पंखे बसले नव्हते. आता त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी असते. टीव्हीवर बॅडमिंटन लागलं की ते हरलेल्याच्या पॉइंटांची बेरीज करत बसतात, आणि मी त्यांना नियम सांगत नाही.