वरच्या गल्लीची चाळीस मिनिटं

आमच्या भागात पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे 'बादलीवाला' म्हणायचे. हे नाव मीच ठेवलेलं. गावच्या शाळेत चौथीपर्यंतच शिकलो, पण नावं ठेवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असा माझा तोरा होता.

माणूस काटक, खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी. रोज सकाळी सहाला आमच्या कोपऱ्यावरचं झाकण उचलायचा, खड्ड्यात चावी घालून मोजून अकरा वेढे फिरवायचा, की आमच्या खालच्या गल्लीचं पाणी सुरू. ते बंद केलं की चढ चढून वरच्या गल्लीचं सोडायचा. सायकलला कायम एक पत्र्याची बादली लटकलेली. आठवड्यातून एकदा प्रत्येक गल्लीच्या शेवटच्या नळाखाली ती लावून, घड्याळाकडे बघत उभा राहायचा. भरली की त्याच घरच्या पिंपात ओतून पुढे.

"पाणी सोडतोस का दूध मोजतोस?" मी विचारायचो.

"काका, दोन्ही सारखंच," एवढंच म्हणायचा.

पिठाची गिरणी मुलाकडे सोपवून मी रिकामा झालो, आणि त्यात जावयानं मनगटी घड्याळ दिलं. नवं घड्याळ हातात आलं की माणूस काहीतरी मोजतोच. मी पाणी मोजलं. आमच्या गल्लीला वीस मिनिटं, वरच्या गल्लीला चाळीस. चार दिवस मोजलं, आकडा हलेना. आणि वरच्या गल्लीत राहायच्या कोण, तर आमच्या नगरसेविका नर्सबाई.

निवडणूक तोंडावर आलेली. न्हाव्याच्या दुकानात मी वीस-चाळीसची गोष्ट रंगवून सांगितली. "नर्सबाईंच्या गल्लीत आता म्हशी पोहायला सोडणार आहेत. बादलीवाला रोज बादलीनं त्यांचा हप्ता पोचवतो." दुकान हसून लोळलं. मग न्हाव्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला.

"दुप्पट?" तो म्हणाला.

हसणं तिथंच संपलं. नर्सबाईंनी गटार बांधून घेतलं होतं, दवाखाना आणला होता. ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. पाणी कमी येतं हे आम्ही वर्षानुवर्षं सोसलं होतं. पण त्यांना दुप्पट येतं, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

घरी ही म्हणाली, "अहो, चाळीस का सोडतो, ते त्याला एकदा विचारा तरी."

"चोराला काय विचारायचं?" मी म्हणालो.

निवडणुकीत नर्सबाईंच्या विरोधात उभा होता फरशीवाला. त्याची घोषणा एकच, सगळ्यांना अर्धा-अर्धा तास. मतदानाला रांगेत पहिला मी होतो. फरशीवाला निवडून आला आणि महिन्याभरात बादलीवाल्याच्या खांद्यावरची चावी काढून त्याला पंपघरात झाडलोटीला लावलं.

नव्या माणसानं दोन्हीकडे अर्धा तास सोडलं. आमची पिंपं भरून वाहिली. आम्ही पायऱ्या धुतल्या, सायकली धुतल्या. चौथ्या दिवशी दारात माझे शर्ट शिवणारी वरच्या गल्लीतली शिंपीणबाई उभी, दोन कळश्या घेऊन.

"काका, भरून घेऊ का? आमच्याकडे करंगळीएवढी धार येते. अर्ध्या तासात धुण्यापुरतंही उरत नाही."

हिनं कळश्या भरून दिल्या, माझ्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी मी बादली उचलली. आमच्या नळाखाली ती दोन मिनिटांत भरली. मग चढ चढून वरच्या गल्लीच्या शेवटच्या नळाखाली लावली. पूर्ण चार मिनिटं लागली. वीस मिनिटांत आमच्या दहा बादल्या, चाळीस मिनिटांत त्यांच्याही दहा. हा हिशोब गिरणीवाल्याला तोंडी यायला हवा होता. पायरीवर बसलेल्या बायका हसल्या, "नवा बादलीवाला आला वाटतं."

तसाच पंपघरात गेलो. बादलीवाला कठड्याला रंग देत होता.

"माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"काका, तुमच्या डोळ्यांदेखत तर मोजत होतो," तो ब्रश न थांबवता म्हणाला. "आणि तुम्ही विचारलं कुठं? सगळे हसत असताना मी मध्येच काय बोलणार?"

मी बादली उचलून घरी आलो.

त्याला चावी परत मिळावी म्हणून अर्ज करायचं ठरवलं आणि आधी कोऱ्या कागदावर सह्या घेत फिरलो. वरची गल्ली झाडून आली. आमच्या गल्लीतल्या तीनच: माझी, हिची आणि न्हाव्याची. बाकीचे म्हणाले, "आपल्याला येतंय ना आता भरपूर?" न्हाव्यानं सही केली, पण वर म्हणाला, "पुढच्या वेळीही मत मात्र मी फरशीवाल्यालाच देणार. अर्धा-अर्धा तास कसा डोळ्यांना दिसतो. तुमच्या बादल्या कोण मोजत बसणार?" मी त्याला पुन्हा सगळं समजावलं. "काका," तो म्हणाला, "आजची गोष्ट काही रंगली नाही."

संध्याकाळी अर्ज लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत त्याचं नाव घालायचं होतं. मी हिला विचारलं, न्हाव्याला विचारलं, अगदी शिंपीणबाईलाही विचारलं. सगळ्यांना बादलीवाला एवढंच ठाऊक. एकवीस वर्षं त्यानं आम्हाला पाणी पाजलं होतं.

चष्मा खिशात घातला आणि पुन्हा पंपघराकडे निघालो, त्याचं नाव विचारायला.