डाव्या बाजूचं बटण

मामाच्या गाळ्यात ते मशीन आलं तेव्हा आमच्या घरात कुणाला खेळ सुचत नव्हते. दिवाळीनंतर वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय ओढत का होईना ते चालायला लागले, पण डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. वडील कारखान्याच्या शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर. वस्त्यांवरची आणि कॉलनीतली पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, संध्याकाळी पुन्हा घरोघर पोचवायची. गिअर डाव्या हाताला. कारखान्यानं सांगितलं होतं, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी डॉक्टर तपासतील. हात चालला तर गाडी तुमची, नाही तर दुसऱ्याची.

वडिलांना गाडी परत हवी होती. तसं कारखान्यानं त्यांना कुठंतरी बसवलं असतं, कुणाला उपाशी ठेवलं नसतं. पण त्यांना दुसरं काही नकोच होतं. आमचे आजोबा मेंढरं घेऊन चार-चार महिने रानोमाळ फिरायचे. वडील म्हणायचे, "आबांनी मेंढरं राखली, मी पोरं राखतो. चाकं तेवढी वाढली."

आम्ही निमगाव केतकीला राहायचो. मी इंदापूरला अकरावीत होते. हाताला करंट द्यायला वडिलांना बारामतीला न्यावं लागायचं. आई जनावरं सोडून हलू शकत नव्हती, भाऊ लहान होता, त्यामुळं हे काम माझ्या गळ्यात पडलं. मला त्याचं दुःख नव्हतं. कॉलेज बुडायचं आणि वर पुण्य लागायचं. दवाखान्यातून सुटलो की परतीच्या एसटीला पुष्कळ वेळ असायचा. तो आम्ही मामाच्या गाळ्यात काढायचो. स्टँडच्या मागं मामाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं.

मुंबईतला कुठलासा क्लब बंद पडला, तिथून मामानं ते मशीन टेम्पोत घालून आणलं. चार पायांवरचं लांबट टेबल, वर काच, आत चकचकीत लोखंडी गोळी. दोन बाजूंना दोन बटणं. बटण दाबलं की आतली पट्टी फटकन उडायची आणि घरंगळत आलेली गोळी परत वर फेकायची. दोन पट्ट्यांच्या मधनं गोळी निसटली की गेली. मागच्या उभ्या काचेवर अंतराळात यान घेऊन फिरणाऱ्या एका परदेशी मालिकेतली माणसं रंगवलेली होती. सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेले, चेहरे कर्ज फेडून आल्यासारखे शांत. मधूनच मशीन इंग्रजीत हुकूम सोडायचं. गाळ्यात ते कुणाला कळत नव्हतं, त्यामुळं कुणी मानायचंही नाही.

पहिल्याच दिवशी मामानं हौसेनं गवंडी बोलावला आणि पाणसळ लावून मशीन अगदी सपाट करून घेतलं. गोळी सोडली तर मधेच उभी राहिली. गिऱ्हाईकं खो-खो हसली. वडील बाकावर बसले होते. म्हणाले, "पाव्हणं, पाटाला उतार दिल्याबिगर पाणी येतं व्हय? मागचे पाय उचला की." मागचे पाय उचलले आणि गोळी पळायला लागली.

त्या मालिकेचे भाग दुपारी केबलवर लागायचे. मामाच्या गाळ्यात कोपऱ्यात टीव्ही होता. वडील तो मन लावून बघायचे. इंग्रजीचा ओ की ठो कळत नव्हता, पण त्यांचे प्रश्न वेगळेच होते.

"सगळे नुसते हिंडत्यात. चालवतंय कोण?"

मी दाखवलं, पुढं दोघं बसलेत ते.

"त्येंच्या हातात काय न्हाय."

"बटणावर चालतं ते, आप्पा."

"बटणावर व्हय," वडील म्हणाले. "मग बरं हाय त्येंचं."

यानाला हादरा बसला की आतली सगळी मंडळी एकदम एका बाजूला कलायची. त्यावर वडील कळकळीनं म्हणायचे, "आरं, धरायला दांडी तरी बसवा." त्यांच्या गाडीत त्यांनी खालच्या अंगाला, लहान पोरांच्या हाताला येईल अशी एक दांडी स्वतःच्या खर्चानं बसवून घेतली होती.

मग एक दिवस मामा म्हणाला, "दाजी, नुसतं बसून काय करताय? या हितं. डावं बटण तुमचं. हाताला तेवढाच व्यायाम." मामानं वडिलांचा हात उचलून मशीनच्या कडेला नेऊन ठेवला. उजवं बटण वडील सहज दाबायचे. डाव्या बाजूला गोळी आली की त्यांचं अंग ताठ व्हायचं, कपाळावर शीर उठायची आणि गोळी निघून जायची. तरी त्यांनी सोडलं नाही. करंटच्या दवाखान्यात कंटाळणारा माणूस इथं घाम येईपर्यंत उभा राहायला लागला.

महिन्या-दोन महिन्यांत मशीनवरचे त्यांच्या गुणांचे आकडे वाढले. डाव्या बाजूची गोळीही परत वर जायला लागली. मामा तर डांगोरा पिटल्यासारखं सांगत सुटला. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांची एक रीत आहे. बिस्किटाचा पुडा आणायचा, चहा प्यायचा, आणि उठताना "आता बरंच हाय की!" म्हणायचं. माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी हेच म्हणायचं. न म्हणणारा माणूस वाईट. त्यात आता मशीनची भर पडली. कळसचे नातेवाईक आले, डाळजची आत्या आली, सगळ्यांनी एकच धोशा लावला, "शाळा उघडली की गाडीवर दिसताय बघा!" वडील लाजून हसायचे. आई देवापुढं साखर ठेवायची.

माझ्या शर्टाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. म्हणजे वडिलांच्या शर्टाचा. बारामतीला निघताना त्यांच्या शर्टाच्या गुंड्या मीच लावत होते. मशीनचं बटण दाबणारा हात गुंडी का धरत नाही? आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुला सगळ्यात खोटच दिसती." माझं तोंड लहानपणापासून फटकळ. त्यामुळं घरात माझ्या बोलण्याला कुणी किंमत देत नसे, आणि मीही बोलायची थांबत नसे.

मे महिन्यात एकदा वडिलांना दवाखान्यात रांगेत बसवून मी पिशवी ठेवायला गाळ्यात गेले. दुपारची वेळ, दुकान रिकामं. मामा म्हणाला खेळ. मी खेळले. डावाच्या तिन्ही गोळ्या एकामागोमाग गेल्या, तशी माझी सटकली आणि मी मशीनला दोन्ही हातांनी दणका घातला. ते गदगदा हललं. पण काही झालं नाही. दिवे चालू, मशीन आपलं इंग्रजीत बोलतंय.

मला ते विचित्र वाटलं. कारण सुरुवातीला जरा धक्का दिला की मशीन रुसायचं. सगळे हाच शब्द वापरायचे. रुसलं की बटणं मरायची आणि गोळी डोळ्यांदेखत खाली जायची. लोकांनी धसमुसळेपणा करून गोळी वाचवू नये म्हणून आत तशी सोयच असते. एका सळईला ओळंब्यासारखं वजन टांगलेलं, त्याच्याभोवती कडं. मशीन हललं की वजन कड्याला लागतं आणि ती गोळी बाद.

"मामा, हे रुसत कसं न्हाय आता?"

मामानं इकडंतिकडं बघितलं. मग गल्ल्याचा खण उघडून ते वजन माझ्यापुढं ठेवलं. पेरूएवढंही नव्हतं.

"दाजींचं बोट चालत न्हाय गं," तो म्हणाला. "ते खांद्यानं ढकलत्यात. सगळं अंग टाकलं की तळवा बटणावर बसतो. वजन ठिवलं तर दर खेपंला रुसतंय. त्यांचं तोंड बघवंना मला, म्हणून काढून ठिवलं."

"आणि जूनमधी गाडीला काय काढून ठिवणार?"

"वरडू नकोस. उमेद हाय तर माणूस हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्यांची मूठ झाकतच न्हाय मामा, हीच तर अडचण हाय."

मामाला हसू आलं आणि मग त्याचे डोळे भरले. मला त्याचा राग आला होता आणि त्याची मायाही येत होती. बहिणीच्या नवऱ्यासाठी दुकानाचं मशीन बिघडवून ठेवणारा भाऊ कुणाला मिळतो? पण त्या गाडीत चाळीसेक पोरं बसतात, आणि त्यांत माझा भाऊ होता.

मी दवाखान्यातून वडिलांना गाळ्यात घेऊन आले. ते उत्साहानं मशीनपाशी जाऊन उभे राहिले. मी सांगितलं, "आप्पा, ह्यातलं वजन मामानं काढलंय. तुमी ढकलताय म्हणून. बोटानं दाबत न्हाय तुमी."

मामानं मान फिरवली. खण उघडाच होता, त्यात ते वजन दिसत होतं. वडिलांनी ते उजव्या हातानं उचललं, तोलून बघितलं आणि मामापुढं धरलं. "लावा पाव्हणं."

वजन लावलं. पहिली गोळी डावीकडं आली, वडिलांनी खांदा टाकला, दिवे गेले. दुसऱ्या गोळीला तेच. तिसऱ्या गोळीला त्यांनी खांदा आवरला आणि नुसतं बोट हलवायचा प्रयत्न केला. गोळी खाली गेली. त्यानंतर, म्हणजे गोळी गेल्यानंतर, डावी पट्टी एकदा उडाली.

एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले. मला वाटलं, आता हे खेळणार नाहीत. पण पुढच्या खेपेला ते आपणहून मशीनपाशी गेले आणि मामाला म्हणाले, "वजन काढू नका." जूनपर्यंत ते तसेच खेळत राहिले. हातात जोर येत गेला, हे खरं. बोट दाबायला लागलं. पण मनानं सांगितल्यावर बोट निघायला वेळ लागायचा. थोडाच, पण गोळीला तेवढा पुरायचा. आकडा पुन्हा खाली आला. मामा बघायचा आणि गप्प राहायचा. मीसुद्धा गप्प राहायला शिकले होते. ते मला जड गेलं.

तपासणीच्या दिवशी कारखान्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. वडिलांनी परीटघडीचा शर्ट घातला होता. शेवटची गुंडी त्यांनी स्वतः लावली होती. त्यासाठी आमची एक एसटी चुकली. आत डॉक्टर दुसऱ्या कुणाला तपासत होते. वडील समोर बघत म्हणाले,

"खरं सांग. मी गाडी काढली तर तू बसशील?"

त्यांनी मला हे विचारायला नको होतं असं मला फार वाटलं. त्यांचा डावा हात मांडीवर होता. मी त्याच्याकडं बघितलं.

"न्हाय."

"धाकट्याला बसवशील?"

"न्हाय, आप्पा."

त्यांनी मान हलवली. मग आतून बोलावणं आलं, आणि आधाराला म्हणून मीही आत गेले. डॉक्टर जुने, वडिलांना चांगले ओळखणारे. त्यांची स्वतःची मुलं याच गाडीतून शाळेत गेलेली. त्यांनी आपली दोन बोटं वडिलांच्या डाव्या हातात दिली. "दाबा. अजून. अरे वा, जोर आहे की!" कौतुकानं हसले आणि पेन उचललं. "लिहून टाकतो. हळूहळू चालवा म्हणजे झालं."

"साहेब," वडील म्हणाले, "जोर हाय. पण उशिरा येतोय. गाडी न्हाय जमायची मला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "अहो, माझी काही हरकत नाही."

"तुमची नसंल. माझी हाय."

कारखान्यानं त्यांना गेटवर घेतलं. आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघायचं काम. हे तिथंच ठरलं आणि आम्ही संध्याकाळी घरी आलो. मामा बारामतीहून पेढे घेऊन आला होता. पुडा कुणी सोडला नाही. जेवायला बसलो तेव्हा व्हरांड्यात काय झालं ते वडिलांच्या तोंडून आईला कळलं, आणि ती माझ्यावर कडाडली.

"डाक्टर व्हय म्हणत हुता! परका माणूस व्हय म्हणत हुता! आणि पोटची पोर न्हाय म्हणली! एकदा व्हय म्हणली असतीस तर जीभ झडली असती का तुझी?"

मी खाली मान घालून जेवत राहिले. मामा म्हणाला, "आक्का, जाऊ दे, पोर हाय ती." आई आणखी चिडली.

"तिला बोलू नकोस," वडील म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "मला व्हय म्हणणारे गावभर हुते. ज्याला इचारलं असतं त्यो व्हयच म्हणला असता. मला न्हाय म्हणायचं हुतं, आणि एकट्याला म्हणवत नव्हतं. म्हणून तिला इचारलं."

आईच्या हातातला पळा तसाच राहिला. मी घास ताटात ठेवला. मला रडू आलं, आणि इतकं आलं की शेवटी आईच उठून माझ्याजवळ येऊन बसली.