जानेवारीकाका

काकांचं कुठलंही दुखणं जानेवारीत बरं व्हायचं असे. गुडघा सुजला, जानेवारीत बघू. चक्कर आली, जानेवारीत बघू. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नावच जानेवारीकाका पडलं होतं. मूळचे सांगलीचे, जवळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. मीही तिथेच होतो आणि रोज त्यांच्याच गाडीतून जायचो.

त्या जानेवारीमागे शास्त्र होतं. ऐंशीच्या दशकात कंपनीनं आमच्या आरोग्यविम्याचं डिडक्टिबल एकदम वाढवलं. म्हणजे वर्षातला पहिला मोठा खर्च आपण सोसायचा, विमा त्यानंतर हात लावणार. आणि नवं वर्ष लागलं की पाटी पुन्हा कोरी. काका मला समजावत, "पैसे जायचेच तर जानेवारीत जावेत, पुढचं वर्ष तरी पदरात पडतं. डिसेंबरात डॉक्टरकडे जातो तो दोनदा भरतो." प्रत्यक्ष जानेवारी उजाडला की म्हणत, "जरा थंडी सरू दे, आपोआप बरं होईल."

यावरून गाडीत आमची रोज जुंपायची. रक्कम साहेबाला तीच आणि झाडूवाल्यालाही तीच. साहेबानं वर्षाच्या सुरुवातीलाच गुडघ्याचं ऑपरेशन उरकलं. ती रक्कम म्हणजे त्याची एखादी मेजवानी. मग वर्षभर शिंक आली तरी स्वारी डॉक्टरकडे. आणि आमच्या पॅकिंगमधली एक बाई पोराचा कान वाहत असताना घरीच तेल कोमट करत बसली. तो मुलगा पुढे त्या कानानं कायमचा बहिरा झाला. हे सांगितलं की काका म्हणत, "अरे, सगळ्यांना सेम रूल आहे, यात अनफेअर काय? फुकट मिळालं की माणूस माजतो."

"रूल सेम आहे काका, पगार सेम आहे का?"

यावर ते रेडिओ लावत. माणूस लाखातला. माझी बायको बाळंत झाली तेव्हा बर्फातून डिंकाचे लाडू घेऊन चालत आले होते. पण दुसऱ्यानं लादलेला जाच स्वतःच्या शिस्तीसारखा अंगावर मिरवायची त्यांची ही खोड मला सहन होत नसे.

आमच्या मराठी मंडळाच्या जेवणांत आलेल्या डॉक्टरांना कधी धड जेवता आलं नाही. ताट हातात पडलं की कोणी जीभ दाखवी, कोणी बीपीच्या गोळ्या विचारी. विमा परवडत नसलेल्यांचा तोच दवाखाना. काकांना याची चीड. "डॉक्टर जेवतायत, जेवू द्या," म्हणून ते लोकांना हाकलत.

डिसेंबर सरत आला होता तेव्हाच्या जेवणात काकांच्या शेजारी नेमके हृदयरोगाचे डॉक्टर बसले होते. काका घामाघूम झालेले, डावा खांदा चोळत होते. डॉक्टर पलीकडच्या कुणाचा तरी रिपोर्ट वाचत होते. काकांनी त्यांच्या ताटात कोशिंबीर वाढली आणि स्वतःच्या दुखण्याचं एक अक्षर काढलं नाही.

परतताना गाडी मी चालवली. "छातीत दुखतंय ना? सरळ इमर्जन्सीत जाऊ," मी म्हटलं.

"वेडा आहेस का! आठवड्यावर आलाय जानेवारी."

काकूंनी घरी हात जोडले, मी ओरडलो. काका बधले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते गेले.

अंत्यविधीला साहेब आला, मोठा पुष्पगुच्छ घेऊन. काकांचा आदर्श सर्वांसमोर ठेवावा असं त्याला वाटलं असावं. तो म्हणाला, या माणसानं इतक्या वर्षांत विम्याचा एकही क्लेम केला नाही. लोकांनी माना डोलावल्या.

काकूंना इंग्रजी चांगलं कळायचं. साहेबाकडे बघत त्या मला हळूच म्हणाल्या, "ह्यांनी ऐकायला हवं होतं रे. फार आवडलं असतं."

खरंच आवडलं असतं. त्याचाच मला अजून संताप येतो.