दीड ॲम्पिअर आणि एक फळी

"मॅडम, तुमचं डबडं खोटं बोलतंय. मोटर फुल लोडवर पळतीया आन् हे दीडच ॲम्पिअर दाखवतंय. परत घेऊन जावा."

फोनवर दिनकरआबा होते. त्यांचं हातकणंगल्याजवळ गुऱ्हाळ आहे. मागच्या हंगामात क्रशरमध्ये ऊस जास्त कोंबला गेला आणि मोटर जळली. म्हणून त्यांनी माझ्याकडून करंट मोजणारी डबी घेतली होती. लोड वाढला की ती भोंगा वाजवते. शिवाजी पेठेतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी ती स्वतः डिझाइन केलीय. तिला कुणी डबडं म्हटलं की माझं डोकं फिरतं. स्कूटर काढली आणि गेले.

डबीचं काम सोपं आहे. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, ही एक रिंग. मोटरची वायर न कापता तिच्यातून ओवायची. वायरीतल्या करंटच्या प्रमाणात रिंगमध्ये बारीकसा करंट तयार होतो. तो रेझिस्टरमधून नेला की व्होल्टेज मिळतं आणि मायक्रोकंट्रोलर ही डबीतली चिप ते वाचते. एसी करंट शून्याच्या वर-खाली झुलतो, पण मायक्रोकंट्रोलरला शून्याखालचं वाचता येत नाही. म्हणून सगळी लाट थोडी वर उचलायची आणि हिशेबात तेवढं वजा करायचं.

पॅनेल उघडलं आणि हसूच आलं. आबांचे वायरमन सर्जेराव यांनी मोटरच्या तिन्ही वायरी एकाच रिंगमधून ओवल्या होत्या.

"एकच कशाला घालायची? काम कसं मजबूत पायजे," सर्जेराव म्हणाले.

तीन फेजच्या करंटची बेरीज दर क्षणाला शून्य असते. गेलेला करंट या तीन वायरींतूनच परत येतो. तिन्ही एकत्र ओवल्या की रिंगला काही कळतच नाही. दोन वायरी काढायला हात घातला आणि थांबले. मग शून्य यायला हवं होतं. दीड का?

मोटर बंद करायला लावली. शून्य. चालू केली. दीड. म्हणजे करंट वायरीतून जात होता, पण सगळा परत येत नव्हता. दुसरीकडे कुठेतरी वाट काढत होता.

मी क्रशरकडे पाहिलं. ऊस घालणारे इकबालभाई अनवाणी, लाकडी फळीवर उभे होते. खाली रसाने जमीन ओली.

"भाई, फळी कशाला?"

"मशीन जरा चावतंय की. सगळेच उभारतात फळीवर."

हरवलेला दीड ॲम्पिअर मशीनच्या बॉडीतून ओल्या जमिनीत जात होता. "आबा, मोटर बंद करा. आत्ता."

"काहिलीत रस उकळाय लागलाय, मॅडम. बंद कसं करू? डबी तुमची बिघडली आन् मोटर बंद व्हय?"

दुखणं मोटरीचं आणि डाग माझ्या डबीला. मी ओल्या मातीत सळई ठोकली, मीटरची एक पिन तिला आणि दुसरी क्रशरच्या बॉडीला लावली. नव्वद व्होल्ट. आबांना आकडा दाखवला.

"फळीवरनं पाय घसरला तर?" मी विचारलं.

आबांनी इकबालभाईंकडे पाहिलं आणि स्वतः जाऊन स्विच पाडला.

मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये एका वायरीचं इन्शुलेशन घासून गेलं होतं. वर रसाचं काळं, चिकट पुट. अर्थिंगची तार गंजून कधीच तुटलेली. सर्जेरावांनी वायर बदलली, अर्थिंगची नवी तार जोडली आणि मी अर्थिंग तपासून घेतलं. मग रिंगमध्ये एकच वायर ठेवून मोटर सुरू केली. अठ्ठावीस ॲम्पिअर. बॉडीवर शून्य व्होल्ट. इकबालभाईंनी आधी उलट्या हाताने मशीनला हळूच शिवून पाहिलं, मग तळवा टेकवला आणि हसले. त्या हसण्याने मला जे वाटलं ते कुठल्या डिग्रीने वाटलं नव्हतं.

आबांनी फळी उचलली आणि काहिलीखालच्या चुलवाणात घातली. रस पुन्हा उकळायला लागला.

आता माझ्या प्रत्येक डबीत दोन रिंगा असतात. एक लोडसाठी, एका वायरीवर. दुसरी तिन्ही वायरींवर, गळतीसाठी. ही आयडिया आपली, असं सर्जेराव अख्ख्या तालुक्याला सांगत फिरतात. मी नाही म्हणत नाही.

यात शिकण्यासारखं एवढंच: मीटर चुकीचा आकडा दाखवत असेल, तर परत करण्याआधी तो किती चुकतोय ते बघा. आणि कामगार फळीवर उभा दिसला, तर का ते विचारा.