टपाचं कापड

अक्षर माझं किडामुंगीसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं समजून घ्यावं.

आमचे हे खासबागात गाड्यांची कुशनं शिवायचे. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यानं त्यांच्याकडं आपली जुनी गाडी दिली. सगळे त्यांना अण्णा म्हणत. गाडी अण्णांच्या आजोबांची, टप म्हणजे कापडी छत मागं दुमडणारी. अण्णांच्या आई लग्नात त्याच गाडीतून सासरी आल्या होत्या. आजोबा गेल्यावर गाडी वखारीत पडली, तिच्यावर तंबाखूची पोती रचली. ऐंशी ओलांडल्यावर आईंनी एकच मागणं केलं, त्या गाडीतून एकदा बस्तीत, जैन देवळात, दर्शनाला जायचं. मग अण्णांनी पिरनवाडीच्या गॅरेजात इंजिन, पत्रा, रंग करून घेतला. आमच्याकडं आली तेव्हाही जुनी सीट उचकटली की आम्ही दोघं शिंकत बसायचो.

सीटा झाल्या. टपासाठी अण्णांनी मुंबईहून भारी कापड मागवलं. ते आलं त्याच आठवड्यात ह्यांना लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला.

काम परत गेलं असतं तर घरात काहीच येणार नव्हतं. मी म्हटलं, मी शिवते. वीस वर्षं झंपर शिवले होते. हे खाटेवरून सांगायचे, सुई जाड घे, माप टप उभा करून घे. एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण ती सांगावी लागेल असं त्यांना वाटलंच नाही.

सुती कापड आटतं, म्हणून कापण्याआधी पाण्यातून काढायचं, हे माझ्या आईनं मला लहानपणीच शिकवलेलं. मी ते कापड सोडा टाकलेल्या गरम पाण्यात भिजवलं. पाण्यावर मेणाचा तवंग आला तेव्हा वाटलं, कारखान्याची खळ असेल. वाळल्यावर जागोजाग पांढरे चट्टे. तांब्याभर पाणी ओतलं तर चाळणीसारखं खाली. पाऊस अडवायचं मेणच मी धुऊन काढलं होतं.

ह्यांनी बघितलं. "भिजवलंस?"

"व्हय."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या तीन दिवसांत मनात काय काय आलं ते लिहीत नाही. कापडच खराब आलं म्हणून सांगावं, असंही आलं. चौथ्या दिवशी ते पिशवीत भरून निपाणीची बस धरली. परक्या पुरुषाशी मी कधी नीट बोललेली नव्हते.

"अण्णा, कापड म्या नासवलं."

"म्हंजे?"

"पाण्यात घातलं. झंपराच्या कापडासारखं."

अण्णांनी कापड उलगडून उजेडासमोर धरलं. आतून आईंनी विचारलं, "काय झालं रं?"

"तुझ्या गाडीचं धुणं झालं, आई!"

"मग वाळत घाला की!"

मला रडू आवरेना.

"रडून कापडाला मेण चढतंय व्हय?" अण्णा म्हणाले. "दुसरं मागवतो. पैसं मात्र तुमच्याकडनं घेणार."

"देईन."

"आनि शिवणार कोण?"

"मीच," म्हटलं. अण्णा नको म्हणून मान हलवू लागले. तेवढ्यात आई दाराशी आल्या. "तिलाच दे रं. दुसरा कोन तरी परत भिजवंल. ही आता जलमात भिजवायची न्हाय."

नवीन कापडाला कात्री लावण्याआधी मी माप तीनदा घेतलं. ह्यांना गाडीजवळ खुर्चीवर बसवलं. ते डाव्या हातानं चाचपून म्हणायचे, "हितं ताण. आनि ताण." मागच्या कोपऱ्यात एक चुणी राहिली, ती काही केल्या गेली नाही.

आई बस्तीत गेल्या तेव्हा आम्हालाही बोलावलं होतं. ऊन लागतंय म्हणून त्यांनी टप वर घ्यायला लावला. लोक गाडी बघत होते आणि मी ती चुणी.

माझी शिलाई कापडाच्या किमतीत वळती झाली, तरी निम्म्याच्या वर देणं राहिलं. ह्यांचा हात परत आला नाही. झंपर शिवून दर महिन्याला जमेल तेवढं मी निपाणीला पोचवत राहिले. कधी तीनशे, कधी दीडशे, दिवाळीच्या महिन्यात थोडं जास्त. दोन महिने औषधांमुळं काहीच देता आलं नाही, तेव्हा तेवढं सांगायलाही बसनं गेले. तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून अण्णा माझ्यावरच ओरडले.

काल शेवटचे चारशे दिले. सगळे फिटले.